अंगठ्याचं मुखपृष्ठ

मी चित्रशाळेत आठ वर्षं शिकवलं आणि त्या आठ वर्षांत मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. शाळेत ही गोष्ट एकालाच ठाऊक होती. त्याचं नाव मधुकर पागनीस. त्यानं ती कुणाला सांगितली नाही, म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

आमचं घराणं चिताऱ्यांचं. शिंद्यांच्या लष्कराबरोबर पूर्वज माळव्यात आले, पालख्या आणि हौदे रंगवत राहिले. माझ्या वडिलांपर्यंत हौदे संपले, लग्नघरांच्या भिंती उरल्या. त्यांनी मला रेघ शिकवली, रंग शिकवले आणि एक सही शिकवली. ती मोडीत होती. लेखणी न उचलता एका दमात काढायची आकृती. तिच्यात ‘गोपाळ’ कुठे संपतं आणि ‘चितारी’ कुठे सुरू होतं हे वडिलांनाही सांगता आलं नसतं. त्यांनाही ती तशीच मिळाली होती.

पुढे मी छत्री चौकातल्या एका शिळाछापखान्यात लागलो. तिथे दगडावर सगळं उलटं काढायचं, म्हणजे कागदावर सुलटं उठतं. पोथ्या, पंचांगं, अत्तराच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या. पंचवीस वर्षं मी अक्षरं उलटी काढली. लोक विचारतात, मग एखादं तरी कसं कळलं नाही? गवंडी घर बांधतो, म्हणून घरातली भांडणं त्याला कळतात का? मला अक्षराचं पोट, पाठ, पाय माहीत होते. आवाज माहीत नव्हता. आणि चाळिशी उलटल्यावर ‘हे काय आहे हो?’ असं विचारायला जीभ वळत नाही.

अठ्ठेचाळीस साली मध्यभारत झाला, त्याच वर्षी यज्ञेश्वरपंतांनी फ्रीगंजात एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन चित्रशाळा काढली. नव्या राज्याला नवी पुस्तकं लागतील, ती रंगवणारी मुलं इथेच तयार व्हावीत, असं त्यांच्या मनात होतं. माझी कव्हरं पाहून ते छापखान्यात आले.

“गोपाळराव, आमच्या मुलांना मुखपृष्ठ शिकवाल?”

मी हो म्हटलं. मला वाचता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. दिवसभर अक्षरं काढणाऱ्या माणसाला असं कोण विचारणार?

मी शिकवायचो ते मला छापखान्यातच कळलं होतं. महाकाळाच्या यात्रेला खेड्यातली माणसं येत, पोथ्यांच्या दुकानासमोर उभी राहत. त्यांना वाचता येत नसे, पण गावी कुणाकडून तरी वाचून घेण्यासाठी पोथी हवी असे. ती माणसं चित्रावर बोट ठेवून पोथी मागत. चित्र चुकलं तर बाईला सोळा सोमवारांच्या जागी शनीची पोथी जाई. म्हणून वर्गात मी पहिल्या दिवशी सांगायचो, “पुस्तकाचं नाव शेवटी लिहायचं. आधी चित्राला बोलू द्या.”

मुलानं चित्र काढलं की नाव न घालता ते देवास गेटला न्यायचं. तिथे मोटारस्टँडवर तीन अनपढ माणसं गाठायची आणि विचारायचं, “भैया, ये किताब काहे की है?” तिघांतल्या दोघांनी बरोबर सांगितलं तर चित्र पास. नाही तर पुन्हा काढायचं. मी गुण देत नसे. गुण स्टँडवरची माणसं देत.

विनोदिनी कानडे म्हणून एक मुलगी होती, रेल्वेतल्या गुड्सबाबूंची. तिला देवीची लस टोचण्यावरच्या पुस्तिकेचं काम दिलं होतं. तिनं मोठा दंड आणि मोठी सुई काढली. स्टँडवरच्या हारवालीनं ते पाहिलं आणि हात जोडले.

“बाई, ये तो जादू-टोने की किताब है. मेरे को मत दिखा.”

सगळा वर्ग हसला. विनोदिनी रडली नाही, पण दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दुसरं चित्र आणलं. आई मुलाची बाही वर करते आहे आणि मूल दुसरीकडे बघतं आहे. सुई कुठेच नव्हती. हारवाली म्हणाली, “टीका लगवा रही है. रोएगा अभी.” तेव्हाच मला कळलं की ही मुलगी या धंद्यात राहणार.

मधुकर एक्कावन्न साली शिकायला आला. हात फार चांगला, घरी फक्त आई. पहिल्याच महिन्यात त्यानं मला पकडलं. मी हजेरीचा कागद घेऊन मुलांच्या तोंडाकडे बघत नावं घ्यायचो. नावं पाठ होती. एकदा पातळ कागदाची पाठ माझ्याकडे होती, अक्षरं आरपार उलटी दिसत होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, दगडावर ती तशीच असतात. मधुकर उठला, माझ्या हातातून कागद घेतला आणि म्हणाला, “उस्ताद, तुम्ही चित्रं बघा. हे कारकुनी काम माझ्यावर सोडा.”

त्या दिवसापासून तो माझे डोळे झाला. हजेरी तोच घ्यायचा, पंतांच्या चिठ्ठ्या तोच वाचायचा, परीक्षेचे शेरे मी आधी पंतांना तोंडी द्यायचो, ते आता त्याला सांगायचो आणि तो लिहायचा. शिकून झाल्यावरही तो माझा मदतनीस म्हणून शाळेत राहिला. दुपारी आमच्याकडे जेवायचा. माझी बायको अहल्या त्याच्या ताटात दोन बाफले जास्त वाढायची. ती मला म्हणायची, “अहो, त्याच्याकडूनच शिकून घ्या की अक्षरं. घरच्या घरी.”

“शिकेन. घाई काय आहे?”

घाई छप्पन साली आली. मध्यभारत मोडणार आणि एक नोव्हेंबरपासून सगळं नव्या मध्यप्रदेशात जाणार, असं ठरलं. अनुदानावरच्या शाळा सरकार हातात घेणार होतं. पंतांनी आम्हाला बसवून सांगितलं, “मास्तरांची यादी वर जाणार. चित्रकलेच्या परीक्षेचा दाखला असेल तो राहील. ज्याच्याकडे दाखला नाही, त्याच्या नावावर सरकारनं छापलेलं एखादं काम हवं. दोन्ही नसेल तर माझ्या हातात काही नाही.”

माझ्याकडे दाखला नव्हता. छापखान्यातल्या कामावर मालकाचं नाव असे, माझं कधीच नाही. वर्ग सोडून मला दुसरं काही नको होतं. छापखान्यात मी दगड घासायचो, इथे माणसं मला विचारायला येत होती.

नशिबानं त्याच उन्हाळ्यात शिक्षण खात्याचं एक काम शाळेकडे आलं. प्रौढांसाठी पहिलं वाचायचं पुस्तक निघणार होतं, त्याचं मुखपृष्ठ. पंत म्हणाले, “गोपाळराव, हे तुम्हीच करा. नाव पडेल, यादीचा प्रश्न मिटेल.”

मुलांनी आणि मी मिळून विचार केला. सगळ्यांनी तेच सुचवलं, उघडं पुस्तक आणि वर दिवा. मीही आधी तेच काढलं आणि स्वतः देवास गेटला घेऊन गेलो. नन्नू टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता.

“नन्नूभाई, ये किताब काहे की?”

“दिवाली का पंचांग है. इसमें पूछना क्या उस्ताद?”

दुसरा म्हणाला लक्ष्मीपूजनाची पोथी. तिसरा म्हणाला, तेलाच्या कंपनीची जाहिरात. मी तिथेच बाकावर बसलो. समोर एक माणूस कसल्यातरी कागदावर अंगठा उठवत होता. अंगठा उठवला, मग बोट धोतराला पुसायला लागला. शाई निघेना. तो इकडे तिकडे बघून पुसत होता. मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

घरी येऊन मी हात काढला. माझाच. अंगठा शाईनं काळा, आणि त्याच हाताच्या बोटांत पेन्सिल, आत्ताच धरलेली, जरा अवघडलेली. मागे काही नाही, नुसता पिवळा रंग. उजव्या अंगठ्याचं नख छापखान्यात दगडाखाली सापडून मधोमध चिरलं होतं, ते तसंच काढलं. नन्नूला नेऊन दाखवलं तर तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “अब अंगूठा नहीं, दस्तखत. यही ना?” आणि जरा थांबून, “ये किताब मिलेगी किधर?”

एवढं मोठं बक्षीस मला त्याआधी मिळालं नव्हतं, नंतरही नाही.

चित्र दगडावर मी चढवलं. अक्षरं मधुकरनं पातळ कागदावर लिहून दिली, वर पुस्तकाचं नाव आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ. कागद उलटा टाकून मी ती दगडावर उतरवत होतो. खालच्या ओळीशी आलो तेव्हा विचारलं, “मधू, हे माझं नाव का?”

“हो उस्ताद. तुमचंच.”

“एवढं लांब?”

“आडनावासकट आहे. सरकारी पुस्तक आहे, गोपाळ म्हणून कसं चालेल?”

मी हसलो. मग ती ओळ मी फार जपून काढली. वरच्या नावापेक्षाही जपून. प्रत्येक वळणाला श्वास रोखला. माझ्या हातून इतकी सुबक बारीक ओळ कधी उतरली नव्हती. मधुकर शेजारी उभा राहून बघत होता. त्याच आठवड्यात पंतांच्या यादीचा फॉर्मही त्यानं भरला आणि मला वाचून दाखवला, ‘गोपाळ चितारी, मुखपृष्ठकला शिक्षक, छापील काम एक’. मी खाली माझी मोडी सही केली.

सप्टेंबरच्या शेवटी पुस्तक छापून आलं. पहिली प्रत विनोदिनी घेऊन आली. तिचं तेव्हा शिकून संपलं होतं आणि ती फ्रीगंजातल्या बायकांना वाचायला शिकवत होती. मी घरी ओट्यावर बसलो होतो.

“उस्ताद, चित्र काय उतरलंय! पण एक विचारू? तुम्ही आपलं नाव का नाही घातलं?”

“घातलंय की.” मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे काय?”

मी वर पाहिलं. ती माझ्या बोटाकडे बघत होती, ओळीकडे नाही. तिला दोन गोष्टी एकदमच कळल्या होत्या आणि त्यातली कोणती आधी बोलावी हे तिला सुचत नव्हतं.

“उस्ताद,” शेवटी ती म्हणाली, “इथे मधुकर पागनीस लिहिलंय.”

आत अहल्या ताक घुसळत होती. रवी थांबली.

मी म्हणालो, “पुन्हा वाच.”

तिनं वाचलं. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून. म-धु-क-र. मी त्या अक्षरांकडे बघत राहिलो. प्रत्येकाचं वळण माझ्या हातचं होतं. ‘क’ची गाठ किती सुंदर बसली होती!

मधुकर मला शाळेच्या जिन्यात भेटला. मी पुस्तक त्याच्यापुढे धरलं. तो घाबरला नाही. मला वाटलं होतं घाबरेल, पाया पडेल.

“मधू, तू मला सांगितलंस की हे माझं नाव आहे.”

“उस्ताद, पाच वर्षं मी तुमची हजेरी घेतली. शेरे लिहिले, पत्रं वाचली. अर्धी शाळा मी चालवली. डोळ्याचं नाव कुणी कुठे लिहितं का?”

“म्हणून माझं पुसलंस?”

“पुसलं नाही. लिहिलं नाही.” मग जरा खाली बघून, “माझ्याकडेही दाखला नाही. इंटरमीजिएटला दोनदा नापास झालो, तुम्हाला मी खोटं सांगितलं होतं. छापील काम एकच होतं, यादीत एकच नाव बसणार होतं. तुम्हाला अहल्याकाकू आहेत, छापखाना आहे. माझ्याकडे काय आहे?”

“पास झालो म्हणून तू पेढे आणले होतेस!”

“आणले होते,” तो म्हणाला.

मी पंतांकडे गेलो. त्यांनी मधुकरला बोलावून घेतलं. टेबलावर पुस्तक होतं. मी उजवा अंगठा मुखपृष्ठावरच्या अंगठ्याशेजारी ठेवला. चिरलेलं नख, तीच चीर, तोच बाक.

“हे बघा पंत. हे चित्र कुणाचं आहे?”

पंतांनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. तेवढ्यात मधुकर शांतपणे म्हणाला, “उस्तादांचा हात मी समोर ठेवून काढला. मॉडेल म्हणून ते दोन दिवस बसले होते.”

इतकं सोपं होतं ते. माझा अंगठा माझाच साक्षीदार राहिला नाही.

पंत म्हणाले, “गोपाळराव, काम मी तुम्हालाच दिलं होतं हे खरं, पण ही नावाची ओळ तर तुमच्याच हातची आहे. दगडावर तुम्हीच उतरवलीत. चित्र तुमचं असतं तर त्याखाली तुम्ही दुसऱ्याचं नाव का काढलं असतं?”

याला एकच उत्तर होतं. ते दिलं तर वर्ग जाणार होता, न दिलं तरी जाणार होता. मी दिलं.

“मला वाचता येत नाही, पंत.”

पंत आधी हसले. मग मी हसत नाही हे पाहून थांबले. “आठ वर्षं?” एवढंच म्हणाले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “गेली पाच वर्षं मी तुमच्याकडून मुलांच्या प्रगतीचे कागद घेतले, गोपाळराव. ते कुणी लिहिले?”

मी मधुकरकडे बोट केलं नाही. करायची गरजही नव्हती. पंतांना वाटलं, जो इतकी वर्षं लपवू शकतो तो आजही काहीतरी लपवत असेल. ते मी त्यांच्या तोंडावर वाचलं. चेहरे मला वाचता येत होते.

“आपण नंतर बोलू,” ते म्हणाले.

नंतर कुणी बोलायला आलं नाही. जवळजवळ महिनाभर मी शाळेत गेलो नाही. माझा वर्ग मधुकर घेत होता, असं कळलं. मुलांना देवास गेटला पाठवत होता, तेही कळलं. आमच्या गल्लीतला एक विद्यार्थी ओट्यासमोरून जाताना मान खाली घालून गेला. त्याला राग होता की दया, ते कळलं नाही. दोन्ही नको होतं मला. अहल्या रोज दोन ताटं वाढायची आणि तिसऱ्याची जागा पुसून घ्यायची. “माझ्या हातचं खाल्लंन् मेल्यानं,” एवढं एकदा म्हणाली.

ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला सकाळी विनोदिनी आली. सायकल भिंतीला टेकवून धावतच ओट्यावर चढली.

“उस्ताद, काम झालं! मी पंतांना देवास गेटला घेऊन गेले. नन्नूला विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, आधी दिवा होता, ते पंचांग वाटलं, मग उस्तादांनी अंगठा आणला. हारवालीनंही सांगितलं की तुम्ही तिला दाखवलं होतं. पंत परत आले आणि मधुकरला समोर बसवलं. त्यानं कबूल केलं. रडला.”

“रडला?”

“खूप. पंतांनी सरकारला अर्ज केलाय, तुमच्यासाठी. वाचता येत नसलं तरी खास बाब म्हणून ठेवावं म्हणून. उद्या इंदूरला गेला पाहिजे, परवा एकतीस. मग तिथलं दफ्तर बंद होतं. तुमची सही हवी फक्त.”

तिनं कागद पुढे केला. मी तो हातात घेतला आणि माझा हात थांबला. अक्षर उजवीकडे किंचित कललेलं, ‘र’ची शेपटी खालच्या ओळीत शिरलेली. पाच वर्षं मी ते पाहत होतो. वाचता येत नसलं तरी हात ओळखता येतो.

“हे मधूचं अक्षर आहे.”

“हो. पंतांनी मुद्दाम त्याच्याकडून लिहून घेतलं. तूच लिही म्हणाले, जे केलंस ते तुझ्याच हातानं.”

“वाच.”

तिनं वाचलं. कागद हिंदीत होता. गोपाळ चितारी आठ वर्षं या शाळेत मुखपृष्ठकला शिकवत आहेत. प्रौढांच्या पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ त्यांचं आहे. त्यावर दुसरं नाव पडलं ते लिहिणाऱ्यानं जाणूनबुजून घातलं. त्यांना वर्गावर कायम ठेवावं. खाली पंतांची सही आणि मधूची कबुली. ती सावकाश वाचत होती, बोट फिरवत होती, माझ्याकडे बघत होती.

मी ऐकत होतो आणि मला मधूचा आवाज ऐकू येत होता. तोही असाच वाचायचा. बोट फिरवत, सावकाश, माझ्याकडे बघत. ‘हो उस्ताद. तुमचंच.’

“पुन्हा वाच,” मी म्हणालो.

तिनं पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळी एका ठिकाणी ती अडखळली. खोकला आला म्हणून की आणखी कशानं, ते मी ठरवू शकलो नाही.

“यात असं लिहिलं असेल की मी वर्ग सोडतोय. माझ्या राजीखुशीनं. मधूला द्यावा म्हणून.”

“उस्ताद!”

“असेल ना? असं लिहिलं असेल तर मला कसं कळणार? तुला पंतांनी पाठवलंय. पंतांनी मला ‘नंतर बोलू’ म्हणून परत पाठवलं होतं. लिहिलंय मधूनं. आणि सही माझी.”

“मी खोटं वाचतेय असं म्हणताय तुम्ही?”

आतून अहल्या दारात आली. “पोरगी खरं बोलतेय,” ती म्हणाली. “तिचं तोंड बघा की.”

“मधूचं तोंडही बघितलं होतं मी. पाच वर्षं, रोज जेवताना.”

“मग दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या,” विनोदिनी म्हणाली. “गल्लीत कुणाला तरी बोलवा. पोस्टमनला बोलवा. मी इथेच बसते.”

बोलवता आलं असतं. पण गल्लीभर होईल, गोपाळ चिताऱ्याला वाचता येत नाही. आणि पोस्टमनचं तरी कशावरून खरं? एकदा दुसऱ्याच्या तोंडावर भरवसा ठेवायचा नाही म्हटलं की कुणाच्याच ठेवता येत नाही. मी म्हणालो, “जे मला वाचता येत नाही त्याच्यावर मी सही करणार नाही.”

विनोदिनी दुपारपर्यंत ओट्यावर बसून होती. अहल्यानं पाणी दिलं ते प्यायली नाही. दोनदा म्हणाली, “उस्ताद, उद्याच जायला हवा हो.” मग उठली, कागद घडी करून माझ्यापाशी ठेवला, वर एक खडा ठेवला उडू नये म्हणून, आणि सायकल घेऊन गेली. पुन्हा आमच्याकडे आली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न होऊन ती जबलपूरला गेली.

एक नोव्हेंबरला फ्रीगंजात दुकानांवर झेंडे लागले होते. माझा वर्ग गेला. मधुकरलाही तो मिळाला नाही. इंदूरहून कुणी दाखलेवाला आला, त्यानं देवास गेटला जाणं बंद केलं, मुलांना खोलीतच बसवलं. मधुकर आईला घेऊन कुठे गेला ते मी कुणाला विचारलं नाही. मी छापखान्यात परत गेलो. दगड तिथेच होते.

अक्षरं मी दोन वर्षांनी शिकलो, बावन्नाव्या वर्षी. गल्लीच्या टोकाला एक पेन्शनर शिक्षक होते, त्यांच्याकडे दुपारी जायचो. पुस्तक तेच होतं, त्यांच्याकडे दुसरं नव्हतं. त्यांनी मुखपृष्ठाकडे पाहून, “चित्र बरं आहे,” असं म्हटलं. मी पहिलं पान उघडलं. सहा महिने लागले. मात्रा आणि वेलांट्या मला लवकर आल्या, काढायची सवय होती. जोडाक्षरांनी छळलं.

एका दुपारी अहल्या गहू निवडत होती. मी पेटीतून तो कागद काढला. घडी उघडली. बोट ठेवून वाचायला लागलो. पहिली ओळ लागायला बराच वेळ गेला. गो-पा-ल. मधूनं ‘ल’ लिहिला होता, हिंदीत लिहितात तसा. चि-ता-री. मग पुढचं. आठ वर्ष. मुखपृष्ठ या शब्दाशी तीन वेळा थांबलो. त्याखाली पंतांची सही होती, आणि त्याच्याही खाली तेच कललेलं अक्षर, ‘यह चित्र उनका है. मैंने उनसे झूठ कहकर अपना नाम लिखवाया. मधुकर पागनीस.’

विनोदिनीनं वाचलं होतं तेच. एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. ती अडखळली होती ती जागाही मला सापडली. तिथे मधुकरनं एक शब्द खोडून पुन्हा लिहिला होता आणि शाई पसरली होती.

अहल्यानं सूप खाली ठेवलं. “हाच ना तो? त्या पोरीनं आणलेला?”

“हाच.”

“आता वाचता येतो ना तुम्हाला? काय लिहिलंय मग?” ती माझ्याकडे बघत होती. “खरं वाचत होती ना ती?”

मी कागदाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिला अक्षर येत नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो. “मी म्हणत होतो तेच लिहिलंय. वर्ग सोडतो म्हणून.”

“असं?” ती म्हणाली. मग तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “चेहऱ्यावरून वाटलं नव्हतं बाई. बरं झालं तुम्ही सही केली नाही ते.”